मूळ प्रत कुठे असते?

सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस नासाने चंद्राच्या दक्षिण गोलार्धातील एका विस्तीर्ण प्रदेशाची जोडप्रतिमा सर्वांसाठी खुली केली. ‘लुनार रिकॉनिसन्स ऑर्बिटर’ या यानाने १७ सप्टेंबरला टिपलेल्या छायाचित्रांतून ती तयार झाली होती. त्याआधी दहा दिवस, ७ सप्टेंबरच्या पहाटे, चांद्रयान-२ च्या विक्रम लँडरशी असलेला संपर्क पृष्ठभागापासून सुमारे २.१ किलोमीटर उंचीवर तुटला होता. ती जोडप्रतिमा अनेकांनी उतरवून घेतली. चेन्नईचे अभियंते षण्मुग सुब्रमण्यन यांनी एका लॅपटॉपवर त्या प्रदेशाचे जुने छायाचित्र आणि दुसऱ्यावर नवे ठेवले व दोन्ही ताडून पाहिली. नव्या छायाचित्रात एके ठिकाणी, पूर्वी काहीही नव्हते तिथे, एक पिक्सेल उजळ दिसत होता. त्यांनी ते नासाला कळवले. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमधील छायाचित्रे तपासून नासाने डिसेंबरच्या आरंभी जाहीर केले की तो विक्रमचाच अवशेष आहे, आणि शोधाचे श्रेय सुब्रमण्यन यांना दिले. आघाताच्या मुख्य जागेपासून हा तुकडा सुमारे ७५० मीटर वायव्येला होता. पहिल्या जोडप्रतिमेत एका पिक्सेलची व्याप्ती १.३ मीटर होती, आणि तुकडा होता नेमका एका पिक्सेलएवढा.

ही कथा आपल्याकडे चिकाटीची कथा म्हणून सांगितली गेली, आणि ती तशी आहेही. मला मात्र तिच्यातील एका दुर्लक्षित पात्राविषयी लिहायचे आहे: ती फाइल. सुब्रमण्यन यांच्या हाती आली ती बातमीसोबत छापलेली शोभेची आवृत्ती नव्हती. पूर्ण विभेदनाची प्रतिमा होती. बातमीतल्या चित्रातून हा शोध लागला नसता. ‘लागणे अवघड गेले असते’ असे मी म्हणत नाही. माहितीच तिथे उरली नसती.

कारण सोपे आहे आणि भौतिकीच्या विद्यार्थ्याला ते लगेच पटावे. संकेतस्थळांवरची बहुतेक छायाचित्रे जेपेग या पद्धतीने आवळलेली असतात. १९९२ मध्ये प्रमाणित झालेली ही पद्धत चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन करते आणि प्रत्येक चौकोन ६४ कोसाइन-तरंगांच्या बेरजेत मांडते. मग उच्च वारंवारतेचे घटक ठोकळ पायऱ्यांवर आणून बव्हंशी शून्य केले जातात, कारण डोळ्याला त्यांची उणीव फारशी जाणवत नाही. आता एकटा उजळ पिक्सेल म्हणजे काय? ते डेल्टा फलन आहे, आणि त्याचे रूपांतर सर्व वारंवारतांवर पसरलेले असते. त्याची ऊर्जा ६४ घटकांत विखुरते; भोवतालापेक्षा तो ४० पातळ्यांनी उजळ असेल तर प्रत्येक घटकाच्या वाट्याला सरासरी ५ पातळ्या येतात. त्यांपैकी बहुतेक घटक आवळण्याच्या पायरीखालीच राहतात आणि पुसले जातात. त्याआधी चित्र लांबी-रुंदीत चौपट लहान केले असेल, तर तो पिक्सेल शेजारच्या पंधरांत मिसळून अडीच पातळ्यांची धूसर झाक होते. चंद्राच्या खडबडीत पृष्ठभागावर अशा झाका असंख्य.

म्हणजे प्रश्न असा: छायाचित्र ‘उपलब्ध आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याची कोणती प्रत उपलब्ध असते, आणि मूळ प्रत कुठे असते? गेल्या तीस वर्षांत संकेतस्थळांवरील चित्रे साठवण्याची आणि प्रसिद्ध करण्याची पद्धत जशी बदलत गेली, तसा हा प्रश्न अधिकाधिक झाकला गेला.

आरंभी हा प्रश्न उद्भवतच नव्हता. फेब्रुवारी १९९३ मध्ये मार्क अँड्रीसन यांनी वेब-पानात चित्र बसवण्यासाठी एक खूण सुचवली आणि त्यांच्या मोझेक ब्राउझरने ती रूढ केली. चित्राची फाइल सर्व्हरच्या एका विशिष्ट फोल्डरमध्ये ठेवली की ती जगाला दिसू लागे. साठवणे आणि प्रसिद्ध करणे ही एकच कृती होती. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने खुले केले. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त खात्यावर केवळ मजकूर दिसे, चित्रे नाहीत. ज्यांना चित्रे दिसत, त्यांनाही सेकंदाला ९,६०० बिट या वेगाने ६० किलोबाइटचे एक छायाचित्र उतरायला जवळजवळ मिनिट लागे. त्या काळात लहान प्रत बनवणे हा वाचकावरचा उपकार होता, हेही मान्य करायला हवे.

एकाच सर्व्हरची ही व्यवस्था किती तोकडी आहे, ते जुलै १९९७ मध्ये दिसले. मार्स पाथफाइंडर मंगळावर उतरले आणि छायाचित्रे पाहण्यासाठी जग लोटले. अशा गर्दीची अपेक्षा असल्याने ठिकठिकाणच्या संस्थांनी आपल्या सर्व्हरवर त्या पानांच्या प्रती आधीच तयार ठेवल्या होत्या. त्यांना मिरर म्हणत. तरीही एकेका दिवसात ४ कोटींहून अधिक मागण्या नोंदल्या गेल्या. मिररची युक्ती चालली, पण ती हातांनी चालवायची युक्ती होती. कोणता वाचक कोणत्या प्रतीकडे जाईल, एखादी प्रत शिळी झाली तर काय, एखादा सर्व्हर कोसळला तर त्याचा भार कोणी उचलायचा, हे सारे माणसांच्या समन्वयावर सोडलेले होते.

याच कोड्याचे गणिती उत्तर त्याच वर्षी एमआयटीमध्ये सिद्ध झाले. गर्दीमुळे वेब तुंबेल हा धोका टिम बर्नर्स-ली यांनी तेथील सहकाऱ्यांपुढे १९९५ मध्ये मांडला होता. टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल ल्यूइन यांनी तो गणिताचा प्रश्न म्हणून उचलला. १९९७ मध्ये कार्गर, लेहमन, लेटन, पाणिग्रही, लेव्हीन आणि ल्यूइन यांच्या शोधनिबंधाने ‘सुसंगत हॅशिंग’ ही कल्पना मांडली. समजा दहा सर्व्हर आहेत आणि प्रत्येक चित्राच्या नावापासून काढलेल्या संख्येला दहाने भागून उरणाऱ्या बाकीवरून त्याचा सर्व्हर ठरतो. अकरावा सर्व्हर जोडताच भाजक बदलतो, आणि दर अकरापैकी सुमारे दहा चित्रांची जागा बदलते. आता त्याऐवजी सर्व्हर आणि चित्रे या दोहोंना एका वर्तुळाच्या परिघावर बिंदू द्या, आणि प्रत्येक चित्र परिघावरून पुढे सरकताना भेटणाऱ्या पहिल्या सर्व्हरकडे सोपवा. अकरावा सर्व्हर आल्यावर केवळ त्याच्या लगतच्या कंसातील चित्रे हलतात, सरासरीने अकरापैकी एक. इतकी साधी गोष्ट. तिच्या बळावर १९९८ मध्ये अकामाई ही कंपनी उभी राहिली, आणि जगभर विखुरलेल्या सर्व्हरांवर चित्रांच्या प्रती आपोआप ठेवण्याचा व्यवसाय सुरू झाला. ल्यूइन ११ सप्टेंबर २००१ रोजी अपहरण झालेल्या विमानांपैकी पहिल्या विमानात होते. त्याच दिवशी बातम्यांच्या संकेतस्थळांवर लोटलेली गर्दी पेलण्यात त्यांच्या गणिताचा वाटा होता.

प्रती जवळ ठेवण्याचा आग्रह का, याचे उत्तर पुन्हा भौतिकीतच आहे. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते अमेरिकेतील व्हर्जिनिया हे अंतर सरळ मोजले तरी १२,९०० किलोमीटरच्या आसपास. जाऊन येण्यास किमान १३० मिलिसेकंद लागणारच, आणि समुद्रतळावरच्या केबली काही सरळ जात नाहीत. सुरक्षित जोडणी जुळवताना अशा दोन-तीन फेऱ्या होतात, मग कुठे चित्राचा पहिला बाइट निघतो. कितीही महागडा सर्व्हर घेतला तरी हा वेळ घटत नाही. घटवायचे ते अंतर.

इथवर इतिहास प्रतींच्या वाटपाचा आहे. मुळात चित्रे ठेवायची कशी, हा प्रश्न कौटुंबिक छायाचित्रांनी अटीतटीला आणला. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१० मध्ये ‘हेस्टॅक’ या आपल्या साठवणयंत्रणेवर प्रसिद्ध केलेला निबंध प्रायोगिक भौतिकीच्या विद्यार्थ्यानेही वाचावा असा आहे. त्या वेळी त्यांच्याकडे ६,५०० कोटी छायाचित्रे होती; प्रत्येकाच्या चार आकारांतील प्रती धरून २६,००० कोटी फाइली आणि २० पेटाबाइट. दर आठवड्याला आणखी १०० कोटी छायाचित्रांची भर. अडचण क्षमतेची नव्हती, तबकडीच्या फिरण्याची होती. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा, वाचनशीर्ष योग्य वर्तुळावर न्यायचे आणि हवा तो भाग खाली येईपर्यंत थांबायचे, यात १०-१२ मिलिसेकंद जातात. म्हणजे एक डिस्क सेकंदाला शंभराच्या आतच वेळा काही शोधू शकते. नेहमीच्या फाइल-व्यवस्थेत एक चित्र वाचायला आधी फोल्डरची नोंद, मग फाइलची नोंद आणि मग प्रत्यक्ष चित्र असे अनेक शोध घ्यावे लागत. प्रारंभीच्या रचनेत ते दहाहून अधिक होत. उपाय असा की हजारो चित्रे एकाच प्रचंड फाइलीत सलग लिहायची आणि कोणते कुठे सुरू होते याची नोंदवही पूर्णपणे स्मृतीत ठेवायची. मग एक चित्र, एक शोध. यंत्रणेला त्यांनी नाव दिले गवताच्या गंजीचे, आणि तीत ठेवलेल्या प्रत्येक चित्राला म्हटले सुई.

त्या चार आकारांपाशी मात्र थोडे थांबावे. वाचकाला काय दाखवायचे हे आता यंत्रणा ठरवू लागली होती: यादीत अंगठ्याएवढे, पानावर मध्यम, टिचकी मारल्यावर मोठे. मित्राच्या लग्नाच्या छायाचित्रासाठी हे पुरेसे आणि योग्यच आहे. परंतु हीच रीत जगातील सर्व संकेतस्थळांची सवय झाली, आणि ‘मोठे’ म्हणजे ‘मूळ’ असा समज नकळत रूढ झाला.

याच सुमारास, १४ मार्च २००६ रोजी, ॲमेझॉनने एस-थ्री ही सेवा सुरू केली होती. आज ज्याला आपण क्लाउड साठवण म्हणतो तिचा सार्वजनिक प्रारंभ तिथे धरतात. दर होता महिन्याला एका गीगाबाइटला १५ सेंट. तिच्यात खरे फोल्डर नाहीत. एक बकेट, तीत नावाने ओळखली जाणारी वस्तू, आणि ती ठेवण्या-काढण्याचे मोजके आदेश. डिस्क कोणती, यंत्र कोणते, इमारत कोणती, हे वापरणाऱ्याला कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते. संकेतस्थळाचा मजकूर एका सर्व्हरवर, चित्रे व चित्रफिती बकेटमध्ये, आणि वाचकाजवळच्या प्रती वितरणजालात, अशी तीन थरांची रचना त्यानंतर काही वर्षांतच सार्वत्रिक झाली.

या रचनेत साठवणे आणि प्रसिद्ध करणे या दोन कृती प्रथमच पूर्णपणे वेगळ्या झाल्या. बकेटमध्ये ठेवलेली वस्तू आपोआप कोणालाही दिसत नाही. ती कोणाला वाचता यावी याची परवानगी वेगळी द्यावी लागते. ही परवानगी चुकून सर्वांना दिल्यामुळे जगभर गोपनीय माहिती इतक्यांदा उघडी पडली की एप्रिल २०२३ पासून नव्या बकेटांची सार्वजनिक वाट मुळातच बंद ठेवली जाते. उलट बाजूची चूक बातमी होत नाही: जे सर्वांसाठी असायला हवे होते ते बंदच राहणे.

वस्तू टिकते कशी, याचे गणित १९६० सालचे आहे. आयर्व्हिंग रीड आणि गुस्टाव्ह सॉलोमन यांनी एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत असताना ते मांडले. दोन बिंदूंवरून रेषा ठरते. त्याच रेषेवरील आणखी दोन बिंदू नोंदवून ठेवले, तर चारांपैकी कोणतेही दोन हरवले तरी रेषा परत मिळते. रेषेऐवजी अधिक घाताची बहुपदी घ्या. फाइलचे दहा तुकडे करा, त्यांवरून आणखी चार काढा आणि चौदाही वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा. कोणतेही दहा उरले की मूळ फाइल जशीच्या तशी परत. जागा लागते १.४ पट, तीन पूर्ण प्रती ठेवल्या तर तिप्पट. व्हॉयेजर यानांनी दूरच्या ग्रहांची छायाचित्रे पाठवताना याच संकेतपद्धतीचा आधार घेतला होता. फेसबुकने २०१४ मध्ये वर्णिलेल्या साठवणीत हीच दहा-अधिक-चारची मांडणी आहे. अशा उपायांच्या जोरावर क्लाउड कंपन्या वर्षभरात एखादी वस्तू न हरवण्याची खात्री नऊच्या अकरा आकड्यांत सांगतात: एक कोटी वस्तू ठेवल्या तर दहा हजार वर्षांत एखादी जावी.

हा आकडा खोटा नाही, पण त्याचा अर्थ मर्यादित आहे. तो डिस्क बिघडण्याविषयी बोलतो. थकलेले बिल, निवृत्त झालेला व्यवस्थापक, चुकून दिलेला आदेश किंवा मालकाचा बदललेला बेत यांचा त्यात हिशेब नाही. भारतात एके काळी घराघरांत पोहोचलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले ते कोणतीही डिस्क जळाल्यामुळे नव्हे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी एस-थ्रीच्या व्हर्जिनियातील केंद्रात एका आदेशातील टंकचुकीमुळे नियोजित संख्येपेक्षा जास्त सर्व्हर बाजूला काढले गेले आणि काही तास असंख्य संकेतस्थळांवरची चित्रे दिसेनाशी झाली. सेवा सुरळीत आहे की नाही हे दाखवणारा कंपनीचा स्वतःचा फलकही बदलता येईना, कारण तोदेखील त्याच साठवणीवर विसंबून होता.

स्वतःचा एक अनुभव सांगतो. मी पीएचडी करत असताना आमच्या गटाच्या मोजमापांच्या प्रतिमा एका टेबलाखालच्या सर्व्हरवर होत्या. संस्थेचे संकेतस्थळ नव्या रूपात आले, सर्व्हर मोडीत निघाला, आणि शोधनिबंधात छापलेला पत्ता रिकामा झाला. निबंधातील आकृत्या आजही कुठेही मिळतात. ज्या कच्च्या प्रतिमांवरून त्या काढल्या त्या एका सहकाऱ्याच्या कपाटातील बाह्य डिस्कवर सापडल्या, आणि तीही अर्धीच वाचता आली.

भारतापुरते पाहिले तर क्लाउडची भौगोलिक बाजू गेल्या पंधरा वर्षांत झपाट्याने बदलली. ॲमेझॉनने २०१० मध्ये सिंगापूरला केंद्र उघडले तेव्हा भारतीय संकेतस्थळांसाठी तेच सर्वांत जवळचे होते. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुणे, चेन्नई आणि मुंबई येथे, २०१६ मध्ये ॲमेझॉनने आणि २०१७ मध्ये गुगलने मुंबईत केंद्रे सुरू केली. शासकीय संकेतस्थळांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘मेघराज’ ही व्यवस्था २०१४ पासून आहे. २३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी चांद्रयान-३ चे अवतरण यूट्यूबवर एकाच वेळी ८० लाखांहून अधिक प्रेक्षकांनी पाहिले. ते दृश्य प्रत्येकापर्यंत बंगळूरूहून वेगळे धावत आले नाही. बहुतेकांना ते आपल्या शहराजवळच्या प्रतीतून मिळाले. पाथफाइंडरच्या मिररांपासून सुरू झालेला प्रसिद्धीचा प्रश्न आता सुटल्यात जमा आहे, असे म्हणायला हरकत नाही.

मूळ प्रतीचा प्रश्न मात्र प्रत्येक संस्थेने आपापल्या धोरणाने सोडवायचा असतो. नासाने २०१७ मध्ये आपल्या साठांहून अधिक संग्रहांतील १ लाख ४० हजारांवर छायाचित्रे, चित्रफिती व ध्वनिफिती क्लाउडवरील एका शोधसुलभ संग्रहात आणल्या. तो लोकांसाठीचा संग्रह. ग्रहमोहिमांची मूळ निरीक्षणे त्यात नसून ‘प्लॅनेटरी डेटा सिस्टिम’ या स्वतंत्र भांडारात, अंशांकनाच्या नोंदींसह, ठरलेल्या स्वरूपात असतात. दर्शनी आणि मूळ अशा दोन्ही दारांवर वेगवेगळ्या पाट्या आहेत, आणि दोन्ही उघडी आहेत.

आपल्याकडे १० सप्टेंबर २०१९ रोजी इस्रोने सांगितले की ऑर्बिटरला विक्रम सापडला आहे. छायाचित्र मात्र त्या वेळी प्रसिद्ध झाले नाही. सुब्रमण्यन यांना अमेरिकी यानाच्या प्रतिमेत भारतीय यान शोधावे लागले, ते यामुळे. यावर उपहास करणे सोपे आहे, पण पुढचे वर्ष लक्षात घेतले पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये चांद्रयान-२ च्या उपकरणांची निरीक्षणे बंगळूरूजवळ ब्यालालू येथील भारतीय अंतराळ विज्ञान विदा केंद्राच्या ‘प्रदान’ या संकेतस्थळावरून खुली होऊ लागली, आणि तीही नासाच्या भांडारात चालणाऱ्या त्याच आंतरराष्ट्रीय स्वरूपात. नाव नोंदवून कोणीही विद्यार्थी ती उतरवू शकतो. मात्र आपल्या वृत्तपत्रांत आणि समाजमाध्यमांत फिरते ती दर्शनी आवृत्तीच. मूळ फाइलकडे नेणारा पत्ता बातमीखाली क्वचितच दिला जातो.

तो द्यावा असे मला वाटते, त्याचे कारण चांद्रयान-१ आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये निघालेल्या त्या यानाशी संपर्क २९ ऑगस्ट २००९ रोजी तुटला. त्यावरील ‘मून मिनरॉलॉजी मॅपर’ या नासाच्या उपकरणाने तोवर घेतलेल्या वर्णपट-प्रतिमा भांडारात गेल्या आणि खुल्या राहिल्या. यान मुके झाल्यानंतर नऊ वर्षांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, श्वाय ली आणि सहकाऱ्यांनी त्याच फाइली पुन्हा वाचल्या. कायम सावलीत असलेल्या ध्रुवीय विवरांत थेट सूर्यप्रकाश पोहोचत नाही; आसपासच्या उतारांवरून विखुरलेला अत्यल्प प्रकाशच तिथे पडतो. त्या प्रकाशातील, गोंगाटात जवळजवळ बुडालेल्या पिक्सेलांत त्यांना पृष्ठभागावरील बर्फाची वर्णपटीय खूण सापडली. २००९ मध्ये या मोहिमेची जी रंगीत चित्रे वृत्तपत्रांनी छापली होती, त्यांत ही विवरे नुसती काळी दिसतात.